भरल्या ताटावरून

माझा नवरा वरण खात नाही. पुण्यात वाढलेला मराठी माणूस आणि वरण खात नाही, यावर लोकांचा आधी विश्वास बसत नाही आणि मग ते माझ्याकडे बघतात. जणू लग्नानंतर मीच कधीतरी असं वरण केलं असणार की त्यानं कानाला खडा लावला.

अमेरिकेत, प्लेनोच्या आमच्या मंडळात गणपतीचं जेवण असतं. शाळेचा कॅफेटेरिया भाड्यानं घेतात, ताटं कागदाची असतात, पण वाढप अगदी रीतसर. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भाताची मूद आणि तिच्यावर वरण. वाढणारी पोरगी पळी घेऊन आली की हा मुदीवर आडवा हात धरतो. "काका, जस्ट थोडंसं!" "नको गं, पित्त होतं." हे पित्त मी त्याच्या चाळिशीपासून ऐकत आले आहे. त्याच पित्ताला मिसळीचा कट चालतो, इथल्या बार्बेक्यूबरोबर येणाऱ्या लोणच्यातल्या मिरच्या चालतात, दिवसभर चहा चालतो. फक्त तूरडाळ, हळद, हिंग आणि मीठ एकत्र आलं की ते खवळतं. मी सुरुवातीला भांडले, मग थट्टा केली, मग नाद सोडला. नवऱ्याच्या सगळ्याच खोड्यांचा छडा लावत बसलं तर संसार कधी करायचा?

बाकी जेवणाच्या बाबतीत तो माझ्या सासूबाईंच्या तालमीत तयार झालेला. उभ्यानं खायचं नाही, उभ्यानं गुरं खातात. भरल्या ताटावरून उठायचं नाही, तो अन्नाचा अपमान. फोन वाजो, दारात पाहुणा येवो, पानातलं संपेपर्यंत हा हलत नाही. अमेरिकेत ही शिस्त पाळणं सोपं नाही. इथे पार्टीला सगळे हातात प्लेट घेऊन उभे राहतात, बोलतात, हसतात आणि मधूनच तोंडात काहीतरी टाकतात. हा प्लेट घेऊन खुर्ची शोधत हिंडतो. जावयाच्या ऑफिसच्या पिकनिकला एकही खुर्ची मोकळी नव्हती, तर शेवटी बर्फाच्या पेटीवर बसून जेवला आणि लोकांना कोल्ड्रिंक हवं असलं की तेवढ्यापुरते पाय बाजूला घेत होता, उठला मात्र नाही.

आम्ही इथे आलो ते मुलीमुळे. ती शिकायला आली, इथेच जन्मलेल्या एका मराठी मुलाशी लग्न केलं, सिटिझन झाली आणि मग तिनं आम्हाला बोलावून घेतलं. नवरा निवृत्त झाला होता. पुण्यातला फ्लॅट काढून टाकून आम्ही कायमचे आलो. नात आमच्या हातात वाढली. मागे आता दार उरलेलं नाही, आणि पुढचं दार ग्रीन कार्डाचं, म्हणजे नुसतं लोटलेलं. भारतात जाऊन परत आलं की विमानतळावरचा तो खिडकीतला माणूस विचारतो, इतके महिने का राहिलात? अलीकडे तर ग्रीन कार्डवाल्यांना परत पाठवल्याच्या बातम्या मुलगी रोज वाचायची. ग्रीन कार्डाला पाच वर्षं भरली तशी ती म्हणाली, "आई, बाबा, आता रिस्क नको यार. सिटिझनशिप घेऊन टाका." दोघांचेही अर्ज तिनंच कॉम्प्युटरवर भरले. गुन्हे, अटका, दहशतवाद, असे जे पानंच्या पानं प्रश्न असतात, तिथे तिनं भराभर नो, नो, नो करत क्लिक केलं. आम्ही शेजारी बसून शेंगा सोलत होतो.

मुलाखतीची तारीख आली तेव्हा आम्ही काकांकडे गेलो. काका म्हणजे मंडळातले सगळ्यांचे काका. मुंबईचे, इथे येऊन जन्म गेला त्यांचा. पंचाहत्तरी उलटली आहे. मीही त्यांना काकाच म्हणते. रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सिटिझनशिपची रंगीत तालीम असते. काका स्वतः अधिकारी होतात. त्यासाठी टाय लावतात, खाली घरातला चट्ट्यापट्ट्याचा पायजमा असला तरी. उमेदवारानं दार ठोठावून आत यायचं, उजवा हात वर करून शपथ घ्यायची, मगच बसायचं. काकू मधूनमधून चिवडा आणि चहा आणतात. एव्हाना निम्मं प्लेनो त्या टेबलावरून अमेरिकन झालेलं आहे.

माझी तालीम झकास झाली. काकांनी राज्यघटनेवरचे प्रश्न विचारले, मी धडाधड उत्तरं दिली. मग नवरा बसला. त्याचं पाठांतर माझ्याहून पक्कं. दाढी करतानासुद्धा आरशासमोर उत्तरं घोकायचा. सगळं नीट चाललं होतं. मग काकांनी चष्मा नाकावर ओढून, खास अधिकाऱ्याच्या आवाजात इंग्रजीत विचारलं, "जिच्यासाठी अटक झाली नाही अशी बेकायदा गोष्ट तुम्ही कधी केली आहे का, किंवा करायला कुणाला मदत केली आहे का?"

नवऱ्यानं चहाचा कप उचलला आणि तसाच धरून ठेवला.

काका हसले. "अहो, इथे लगेच नो म्हणायचं. विचार केलात तर तो समोरचा खुर्चीत ताठ बसेल. पुन्हा विचारतो."

पुन्हा विचारलं. नवऱ्यानं चहाचा कप बशीवर ठेवला. म्हणाला, "मदत म्हणजे कुठपर्यंत?"

काकांच्या टेबलावर असं कुणी कधी विचारलं नसावं. काकू चिवड्याची बशी हातात घेऊन तशाच उभ्या. मी म्हटलं, यांचं डोकं दुखतंय सकाळपासून, आणि त्याला उठवून गाडीत बसवलं. हायवेला लागलो तसा माझा राग बाहेर आला. मी म्हणाले, "हे काय नवीन? कुणाचा खून केलात?"

तो म्हणाला, "घरी चल, सांगतो."

घरी आल्यावर दुपारी स्वयंपाकघरात बसून त्यानं जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्याला फार वेळ लागला.

मुलगी प्राथमिक शाळेत होती तेव्हा हा आखातात नोकरीला होता. मला एवढंच माहीत होतं की जहाजांवरचं तेल मोजायचं काम आहे. दोन-तीन महिने तिकडे, मग काही आठवडे घरी. त्या काळी इराकवर निर्बंध होते, त्यांना तेल विकायला जगानं बंदी घातलेली. सरकारच्या पापाची शिक्षा अर्थातच माणसांना झाली. धान्य मिळेना, औषधं मिळेनात. मग तोडगा निघाला की इराकनं ठरलं तेवढंच तेल विकावं, त्याचे पैसे परस्पर देखरेखीखालच्या खात्यात जावेत आणि त्यातून लोकांसाठी धान्य, औषधं आणि गरजेच्या वस्तूच याव्यात. तेल खरोखर ठरलं तेवढंच बाहेर जातंय ना, हे बघायला तिऱ्हाईत कंपन्यांची माणसं नेमली होती. माझा नवरा त्यातला एक.

काम असं की जहाज भरलं की त्याच्यावर चढायचं. प्रत्येक टाकीच्या तोंडातून पोलादी फीत आत सोडायची, तिच्या टोकाला गवंड्याच्या ओळंब्यासारखा पितळी गोळा. टाकीत तेल किती आहे हे मोजत नाहीत, वर रिकामी जागा किती राहिली ते मोजतात. त्यावरून हिशेब करून तेलाचा आकडा काढायचा आणि सही द्यायची. नवरा फीत मिलिमीटरपर्यंत वाचायचा, दोनदा वाचायचा. घरातसुद्धा दुधाचं भांडं बघून किती कप चहा होईल ते अचूक सांगतो.

सही झाली की त्याला परत न्यायला लाँच यायची, आणि ती यायला तास-दोन तास लागायचे. एका जहाजावर कप्तान म्हणाला, तोवर खाली जेवून घ्या. तुमच्याकडचाच आचारी आहे.

आचारी रत्नागिरीकडचा होता. महिनोन् महिने डब्यातलं खाऊन तोंडाची चव गेलेला हा माणूस खाली गेला, तर समोर स्टीलचं ताट. गरम भात, वरण, वर तूप, लिंबाची फोड, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी. आचारी म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी वेगळं लावलंय. सावकाश जेवा." नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्यानं पहिला घास घेतला आणि दुसरा घेताना बघितलं तर वाटीतल्या वरणावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तेल पुन्हा आत येत होतं. नळातून तेल आत येताना जहाजाच्या अंगात एक थरथर असते. तिची सवय झालेली असते आम्हाला. माझी सही झाली होती आणि वर कुणीतरी पुन्हा व्हॉल्व्ह उघडला होता."

ते जास्तीचं तेल कुठल्याच कागदावर येणार नव्हतं. त्याचे पैसे त्या खात्यात जाणार नव्हते, त्यातून धान्य येणार नव्हतं. ते सरळ राज्यकर्त्यांच्या आणि मधल्या दलालांच्या खिशात जाणार होते. हे त्याला त्याच क्षणी कळलं. तो उठायला लागला. आचारी घाबरून हात जोडून म्हणाला, "साहेब, भरल्या ताटावरून उठू नये."

"आणि मी बसलो," नवरा म्हणाला.

मला हसू आलं, खरंच आलं. आणि त्याचा चेहरा बघून मी ते आवरलं.

लाच त्यानं घेतली नाही. कुणी पाकीट पुढे केलं नाही, आणि केलं असतं तर यानं ते समुद्रात फेकलं असतं, एवढं मी त्याला ओळखते. त्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं की याला पैसे देऊन चालणार नाही, याला जेवायला घालावं लागेल. पोटभर जेवून वर आल्यावर कप्तानानं हात हातात घेतला, जेवण आवडलं का विचारलं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध बोलायला त्याची जीभ रेटेना. आणि पुढच्या वेळी ते जहाज आलं तेव्हा त्याला ठाऊक होतं, तरी तो खाली गेला. आचाऱ्यानं त्या दिवशी कढीही केली होती. असं पुन्हा पुन्हा झालं. वरणावर वर्तुळं उठायची आणि हा खाली मान घालून जेवायचा. करार संपला तसा त्यानं ती नोकरी सोडली, पुण्याला येऊन एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. घरी आल्यावर मी कौतुकानं पहिल्या दिवशी वरणभात केला होता. त्यानं वाटी सरकवली आणि पित्त सुरू झालं.

काही वर्षांनी त्या योजनेतल्या भ्रष्टाचाराची चौकशी झाली. पेपरात मोठमोठ्या लोकांची नावं यायची. मला आठवतं, तो ती पानं वाचून घडी घालून ठेवायचा आणि बाल्कनीत जाऊन उभा राहायचा. मला वाटायचं, जुन्या नोकरीची आठवण येत असेल. याला बोलवायला मात्र कुणी आलं नाही. एवढ्या मोठ्या लुटीत जेवायला बसलेल्या माणसाला कोण शोधतो?

मी सगळं ऐकून घेतलं आणि मग माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नव्हे, म्हणजे त्याच्यावरही, पण जास्त त्या प्रश्नावर. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं. "तुम्ही पैसे घेतले नाहीत. व्हॉल्व्ह उघडला नाहीत. काका सांगतात तसं नो म्हणा आणि मोकळे व्हा. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"त्यात मदत केली का असं विचारलंय."

"जेवणं म्हणजे मदत?"

"त्या वेळी होती," तो म्हणाला.

मुलीला सांगावंच लागलं. ती आधी बावचळली, मग चिडली, आणि चिडली की ती इंग्रजीत जाते. "बाबा, इट्स अ येस-ऑर-नो क्वेश्चन. एव्हरीबडी सेज नो!"

"मग विचारतात कशाला?" बाबा म्हणाले.

"अहो, त्यांनी परत पाठवलं तर?" मी म्हटलं. "कुठे जायचं? पुण्यात आता कुणाच्या दारात उभं राहायचं? आणि ही पोर?" नात तेव्हा खालीच बसून चित्र रंगवत होती. तिनं वर न बघता विचारलं, "आजोबा, आर यू गोइंग समव्हेअर?" त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, जिंकले. त्या आठवड्यात तो काही बोलला नाही, आणि मी समजले की सुंठीवाचून खोकला गेला.

मुलाखतीला आम्ही दोघं एकाच दिवशी गेलो. मला आधी बोलावलं. माझं चुटकीसरशी झालं, अधिकारी हसून अभिनंदन म्हणाला. बाहेर येऊन खुर्चीत बसले तेव्हा नवरा दुसऱ्या दारानं आत जात होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मी ती मान 'काळजी करू नकोस' अशी वाचली. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याची मान चुकीची वाचली ती तेव्हाच.

आत काय झालं ते त्यानं मला गाडीत सांगितलं. अधिकारी मुलीच्याच वयाची होती. तो प्रश्न आला तेव्हा हा म्हणाला, अर्जात नो लिहिलंय, पण मला ते बदलायचंय. तिनं टाइप करणं थांबवलं. यानं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, पैसे मिळाले? नाही. मग काय मिळालं? लंच. कसलं लंच? राइस अँड लेंटिल्स. तिनं म्हणे तेही टाइप केलं. मग वरिष्ठाला घेऊन आली. त्यानंही तेच विचारलं, पैसे घेतले का, खोटी सही केली का. सही केली तेव्हा आकडा खरा होता, हा म्हणाला, नंतर खोटा झाला. शेवटी त्यांनी एक कागद हातात दिला. त्यावर होतं की तुमच्या अर्जावर आज निर्णय घेता येत नाही.

म्हणजे मी अमेरिकन आणि हा अधांतरी. मी त्या गाडीत काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सत्य हरिश्चंद्रापासून सुरुवात केली होती, एवढं सांगते. तो स्टिअरिंग धरून ऐकत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "तुला शपथेचं पत्र येईल तेव्हा तू जा."

पत्र आलं. मुलगी म्हणाली, "आई, तू तरी घेऊन टाक." शहाणपण त्यातच होतं. मी तारीख बदलून घेतली. नवऱ्याला सांगितलं की त्या दिवशी दाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. त्यानं ते खरं मानलं की मानल्यासारखं केलं, माहीत नाही.

ते दिवस वाईट गेले. टपालाची गाडी कोपऱ्यावर वळली की मी भाजी चिरायची थांबायचे. मंडळात भेट झाली की काकाच नजर चुकवायचे, माझ्यासाठी त्यांना वाईट वाटत होतं. आणि हा? हा बरा झोपायला लागला होता. मला त्याचाच जास्त राग यायचा. शेवटी एका दुपारी दोन ओळींचं पत्र आलं, अर्ज मंजूर. कारण नाही, शेरा नाही. मुलगी रडली, जावयानं पिझ्झा मागवला. मी देवापुढे साखर ठेवली. नवऱ्यानं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "त्यांना काही फार मोठं वाटलं नाही ते." त्याच्या आवाजात सुटल्याचं सुख नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याला माफी नको होती, कुणीतरी ते नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

शपथविधी एका मोठ्या हॉलमध्ये होता. शेकडो माणसं, मागे नातेवाईक, पोरंबाळं, छोटे झेंडे. तिथे एक पद्धत आहे. देशांची नावं इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं पुकारतात, ज्याचा देश येईल त्यानं उठून उभं राहायचं आणि सगळे देश होईपर्यंत उभंच राहायचं. मग सगळ्यांनी मिळून शपथ. भारताचं नाव आलं आणि अर्धा हॉल उठला, मागून शिट्ट्यासुद्धा आल्या. आम्हीही उठलो. नवऱ्यानं नवा निळा शर्ट घातला होता. मग इराण. मग इराक.

आमच्या पुढच्याच रांगेत एक बाई उठली. चाळिशीच्या आतली असेल, करड्या रंगाचा कोट, केस मागे बांधलेले. मागून कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात तिला हाक मारली, तिनं वळून हात हलवला.

आणि माझा नवरा खाली बसला.

मी शर्ट ओढला. "अहो, बसायचं नाही अजून." तो हलला नाही. बाजूचा स्वयंसेवक वाकून विचारून गेला, सर, बरं वाटत नाही का? पुढचे देश पुकारले जात होते. इतकं सगळं पार करून हा माणूस इथे, शपथेच्या तोंडावर, बसून राहतो की काय? माझ्या डोक्यात ते ताट आलं. उठायला हवं होतं तेव्हा हा उठला नव्हता.

शेवटचा देश झाला. समोरून सांगण्यात आलं, उजवा हात वर करा. पुढच्या रांगेतल्या त्या बाईनं हात वर केला. तिच्या करड्या बाहीकडे बघत बघत तो उठला, आणि त्यानंही केला. शपथ त्यानं मोठ्यानं म्हटली. माझे मात्र अर्ध्यावर शब्द चुकले, मला ऐकूच येत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये फोटोंची गर्दी झाली. मुलगी नातीला घेऊन गाडी पुढे आणायला गेली. आम्ही भिंतीशी उभे होतो, तेवढ्यात तीच बाई हातात पत्र्याचा डबा घेऊन आली. ओळखीच्या, अनोळखी, सगळ्यांना वाटत होती. आत खजूर भरलेली गोल बिस्किटं. "माझ्या आईनं केलीत," ती इंग्रजीत म्हणाली. "प्लीज."

मी एक घेतलं. नवऱ्यानं हात पुढे केला नाही. म्हणाला, "आधी मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

मी त्याला कोपरानं ढोसलं नाही. ढोसायला हवं असं वाटलंही नाही, याचं मलाच नवल वाटलं. त्यानं इंग्रजीत, अगदी थोडक्यात सांगितलं. तुमच्या देशाचं तेल जहाजात भरताना मी मोजायला होतो. मोजून झाल्यावर ते अजून तेल घ्यायचे. मला कळायचं. ते मला जेवायला बसवायचे आणि मी बसायचो.

ती ऐकत होती. डबा दोन्ही हातांत तसाच. मग म्हणाली, "मी तेव्हा शाळेत होते. महिन्याला रेशन यायचं. पीठ, तांदूळ, चहा, मसूर. मसुरात खडे असायचे. आई खिडकीत बसून निवडायची. माझ्या घरात मी अजून मसूर आणत नाही."

नवऱ्यानं मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "हाऊ मच?"

इतक्या लोकांनी इतके प्रश्न विचारले होते. पैसे घेतले का, सही खोटी होती का, मदत केली का. किती, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मिलिमीटर दोनदा वाचणाऱ्या माझ्या नवऱ्यानं मान वर केली. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "ते मोजायचं काम माझंच होतं. मी खाली जेवत होतो."

मला वाटलं, ती इट्स ओके म्हणेल. या देशात पायावर पाय पडला तरी लोक म्हणतात. ती म्हणाली नाही. मात्र डबा तिनं मागे घेतला नाही.

भिंतीला लागून खुर्च्या होत्या, सगळ्या रिकाम्या. मी सवयीनं म्हणाले, "अहो, बसून घ्या." त्यानं तिकडे पाहिलंच नाही. डब्यातून एक बिस्किट उचललं आणि तिच्यासमोर उभ्यानं खाल्लं, सगळं.